साठ वर्षांच्या साच्यातली हॉट रॉड : १९३२ च्या फोर्ड कूपचे किट जोडताना आणि रंगवताना

१९३२ च्या फोर्ड कूपचे १/२५ मापाचे हे किट १९६० च्या दशकातल्या मूळ पोलादी साच्यांतून पुन्हा काढलेले आहे, आणि ते विकत घेण्याआधी ही एक गोष्ट नीट ध्यानात ठेवावी. खोका नवा आहे, त्यावरचे जुने चित्र नव्याने छापलेले आहे, आतले प्लॅस्टिकही ताजे आहे. पण ते ज्या साच्यात दाबून भरले गेले त्याने जवळजवळ साठ वर्षे काढली आहेत आणि त्या वयाच्या खुणा बहुतेक प्रत्येक भागावर सापडतात. अडीच महिने, रोज संध्याकाळी दीड-दोन तास देऊन मी हे मॉडेल पूर्ण केले. कंपनीचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही, कारण पुढे जे दोष सांगणार आहे ते थोड्याफार फरकाने त्या काळातल्या कोणत्याही साच्यातून निघालेल्या किटमध्ये आढळतात, आणि जे गुण सांगणार आहे तेही. माझे मत आधीच नोंदवतो. इंजिन, चासीची ठेवण आणि बॉडीचा घाट यांसाठी हे किट जरूर घेण्याजोगे आहे. मात्र निम्मी मेहनत रंगाचा पहिला हात देण्यापूर्वीच करावी लागते, आणि ती टाळली तर उरलेली निम्मी वाया जाते.

जुन्या गाड्या कापून-छाटून वेगवान करणाऱ्या हॉट रॉडवाल्यांनी हीच गाडी का निवडली हे समजून घेतले, तर किटमध्ये कुठे हात राखायचा आणि कुठे निःशंकपणे घासायचे हेही कळते. फोर्डने ३१ मार्च १९३२ रोजी लोकांपुढे आणलेल्या मॉडेल १८ मुळे सामान्य माणसाच्या आवाक्यातल्या गाडीत व्ही-८, म्हणजे व्हीच्या आकारात आठ सिलिंडरचे, इंजिन आले. त्याचा ब्लॉक एकसंध ओतलेला होता, आकारमान २२१ घनइंच होते आणि ताकद ६५ अश्वशक्ती. पुढे दक्षिण कॅलिफोर्नियातल्या तरुणांना या गाड्या जुन्या झाल्यावर स्वस्तात मिळू लागल्या. मडगार्ड उतरवायचे, टप (छत) कापून खाली घ्यायचा, पुढचा ॲक्सल खाली आणायचा, एका कार्ब्युरेटरच्या जागी दोन किंवा तीन बसवायचे आणि म्युरॉक किंवा एल मिराज येथल्या कोरड्या तलावांच्या सपाट तळावर वेग आजमावायचा, असा त्यांचा क्रम असे. या वेगाच्या खेळाला शिस्त लावण्यासाठी १९३७ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापन झाली, आणि १९४९ पासून बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर स्पीड वीक भरू लागला. १९३२ च्याच फोर्डला इतका मान मिळाला याचे एक कारण तिच्या चासीत आहे. चासीच्या दोन्ही बाजूंचे लांब रूळ उघडे दिसावेत अशाच बेताने घडवलेले होते आणि त्यांच्या पत्र्यात एक लांबलचक रेषा दाबून काढलेली होती, त्यामुळे मडगार्ड काढले तरी ही गाडी ओकीबोकी वाटत नाही. किटमध्ये ही रेषा केसाएवढ्याच उठावाची आहे आणि साच्याचा जोड नेमका तिच्या खालच्या कडेने जातो. जोड घासताना ती रेषा गेली, तर १९३२ ची खूणच गेली. म्हणून तेथे पॉलिश पेपर न वापरता पात्याची पाठ उभी धरून, अगदी हलक्या हाताने, जोड तेवढा खरवडून काढावा.

एका खोक्यातून तीन प्रकारची गाडी करता यावी अशी किट एएमटी कंपनीने १९५८ मध्ये आणली आणि ती पद्धत अमेरिकेतल्या इतर कंपन्यांनीही उचलली. या खोक्यातही मडगार्डांसह मूळ स्वरूपातली गाडी आणि मडगार्डांशिवायची हॉट रॉड अशा दोन्हींचे भाग आहेत. दोन प्रकारची चाके, दोन रेडिएटर कवचे आणि कापलेला टप वेगळा मिळतो. मी हॉट रॉड केली. सूचनापत्रक जुन्याचीच नक्कल असून त्यात भाग सुटे करून दाखवलेली चित्रे आहेत, परंतु काही बाण भाग कोठे बसतो ते न दाखवता नुसते इंजिनाच्या दिशेने जातात, आणि रंगांची माहिती जवळजवळ नाहीच. खऱ्या गाडीच्या पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधले अंतर १०६ इंच, म्हणजे या मापात १०७.७ मिलिमीटर. जोडणी झाल्यावर मी कॅलिपर लावून पाहिला तेव्हा माझ्या मॉडेलचे अंतर १०८ मिलिमीटर भरले. त्या काळी हे साचे हाताने कोरलेल्या मोठ्या लाकडी नमुन्यांवरून घडवत, हे लक्षात घेतले तर या नेमकेपणाबद्दल आदर वाटतो.

आता दोषांकडे वळतो. साच्याचे दोन भाग वर्षानुवर्षे एकमेकांवर दाबले जाऊन त्यांच्या कडा झिजतात, आणि मग वितळलेले पॉलिस्टायरीन त्या फटीतून बाहेर येऊन भागाच्या कडेला पातळ पापुद्रा धरते. या किटमध्ये खिडक्यांच्या कडांना, स्टिअरिंगच्या चाकात आणि पुढच्या ॲक्सलच्या आधारदांड्यांना असे पापुद्रे आहेत. प्लॅस्टिक जेथे जाड असते तेथे ते थंड होताना आत ओढले जाते व खळगा पडतो. दारांच्या आतल्या बाजूला जेथे आधाराच्या पट्ट्या आहेत, तेथे बाहेरून अंगठ्याने दाबल्यासारखे दोन उथळ खळगे होते. उघड्या डोळ्यांना ते दिसत नाहीत. दिवा आडवा धरून प्रकाश पत्र्यावरून सरपटत जाऊ दिला की ते दिसतात, आणि चकचकीत रंग दिल्यावर तर कोणालाही दिसतात. असे साचे एका कंपनीकडून दुसरीकडे जात राहतात. रेव्हेल आणि मोनोग्राम या किट काढणाऱ्या कंपन्यांची मालकी असलेली हॉबिको २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेल्यावर त्यांचे बरेचसे जुने साचे ॲटलांटिस या कंपनीकडे गेले, हे अलीकडचे उदाहरण. मध्यंतरीच्या काळात एखाद्या मालकाने नव्या आवृत्तीसाठी साच्यात फेरफार केलेला असला, तर त्याचेही व्रण पुढच्या प्रत्येक बॉडीवर उमटत राहतात. या बॉडीच्या मागच्या झाकणावर असाच एक बुजवलेला चौकोन पुसटसा दिसतो.

भाग ज्यांना जोडलेले येतात त्या सगळ्या चौकटी प्रथम कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने मऊ ब्रशने धुऊन घ्याव्यात, म्हणजे साच्यातून भाग सुटावा म्हणून वापरलेला तेलकटपणा जातो. नंतर बॉडीवरचे जोड. टपाच्या कडेवरून बॉनेटच्या मुळापर्यंत दोन्ही बाजूंनी जोडाची रेषा जाते आणि ती पूर्ण घासल्याशिवाय पुढे जाऊ नये. खळग्यांमध्ये मी लांबी (पुट्टी) एकदम न भरता तीन पातळ थरांत भरली आणि प्रत्येक थर रात्रभर वाळू दिला, कारण जाड थर वरून वाळतो, आतून ओला राहतो आणि आठवड्याभराने पुन्हा खाली बसतो. घासताना वॉटर पेपर बोटाला गुंडाळू नये. बोट मऊ असल्यामुळे खळग्यात खळगाच राहतो. खोडरबराच्या चपट्या तुकड्याला पेपर लावून घासले की पत्रा खरोखर सपाट होतो. या कामाला मला नऊ संध्याकाळी लागल्या.

चासीबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. एक्झॉस्टचे पाइप चासीलाच जोडून ओतलेले आहेत आणि पुढची चाके धरणारी पोलादी सळई इंजिनाच्या तळातल्या भोकातून आरपार जाते. चाके फिरावीत म्हणून त्या काळी असे करत. चाके फिरवायची नसतील तर सळई कापून टाकावी, भोक बुजवावे आणि चाके सरळ ॲक्सलला चिकटवावीत. मी तसेच केले आणि इंजिनाचा तळ स्वच्छ दिसू लागला.

इंजिन मात्र या किटचा प्राण आहे. व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असल्यामुळे फोर्डच्या या व्ही-८ ची हेड सपाट झाकणांसारखी दिसतात, आणि साचा घडवणाऱ्याने त्यांवरचे नटांचे उठाव, पाणी जाण्याच्या वाटा आणि इनटेकचा वळसा इतक्या समजुतीने कोरला आहे की आजच्या कित्येक किटमध्येही तो जिवंतपणा नसतो. वर तीन स्ट्रॉमबर्ग ९७ कार्ब्युरेटर येतात. ९७ हा आकडा त्यांच्या आतल्या ०.९७ इंचांच्या अरुंद घशावरून आलेला आहे. प्रत्येक कार्ब्युरेटर दोन अर्धांत असून सांधा नेमका बाउलच्या मध्यावर पडतो, म्हणून ते आधी जोडून, सांधा घासून, मगच इनटेकवर बसवावेत. किटमध्ये स्पार्क प्लगच्या तारा नाहीत. या इंजिनाचे प्लग हेडवर उभे असतात आणि डिस्ट्रिब्युटर कॅमशाफ्टच्या पुढच्या टोकाला असतो. त्यामुळे तारा पुढून दोन्ही बाजूंना चार-चार अशा फुटतात आणि मॉडेल समोरून पाहताना त्या सर्वांत आधी नजरेत येतात. खरी तार साधारण सात मिलिमीटर जाड असते, म्हणून या मापात ०.३ मिलिमीटरची तार बरोबर शोभते. मी हातड्रिलने ०.३५ ची आठ भोके पाडली, प्रत्येक तारेला प्लगच्या टोकाशी काळ्या रंगाचा ठिपका देऊन टोपीचा आभास केला आणि प्रत्येक बाजूच्या चारही तारा वळताना एकमेकींना समांतर राहतील याची काळजी घेतली. या एका कामात पूर्ण संध्याकाळ गेली, पण सगळ्या बांधणीतली सर्वांत आनंदाची संध्याकाळ तीच होती.

क्रोमबद्दल माझी तक्रार गंभीर आहे. क्रोमचे भाग निर्वात पेटीत ॲल्युमिनियमची वाफ बसवून चमकवलेले असतात आणि त्या चमकीखाली लाखेसारखा एक थर असतो, जो बारीक कोरीवकाम भरून काढतो. या किटमध्ये पुढचा ॲक्सल, हेडलाइटची भांडी आणि एक्झॉस्टचे हेडर सगळे क्रोममध्ये येतात, आणि चौकटीपासून तोडण्याच्या जागा नेमक्या दर्शनी बाजूला आहेत, म्हणजे भाग तोडला की समोरच पांढरा डाग. जोडही चमकीखाली तसेच राहिलेले असतात. शिवाय मॉडेलचे सिमेंट प्लॅस्टिक विरघळवून सांधा करते. क्रोमवर ते धरतच नाही, त्यामुळे चिकटवण्याची प्रत्येक जागा खरवडावी लागते. मी रेडिएटरची जाळी आणि चाके सोडून सगळे भाग कपडे पांढरे करण्याच्या ब्लीचमध्ये बुडवले. काही वेळात चमक निघून जाते. हे काम हातमोजे घालून, खिडकी उघडी ठेवून करावे आणि ब्लीचमध्ये दुसरे कोणतेही रसायन मिसळू नये. नंतर जोड घासून, आरशासारखा काळा रंग देऊन तो पुरता वाळल्यावर वरून क्रोमचा पातळ लॅकर अगदी कमी दाबाने, धुक्यासारखा फवारला. खालचा काळा जितका गुळगुळीत, तितका वरचा क्रोम खरा दिसतो. जाळी मात्र मूळ क्रोमचीच ठेवली आणि उभ्या पट्ट्यांच्या मधल्या फटींत पातळ केलेला काळा रंग सोडला. रंग आपोआप खोल जागी उतरला, पट्ट्यांच्या कडा चमकत्या राहिल्या, आणि त्या एका हाताने गाडीच्या चेहऱ्याला खोली आली.

आता रंग. हॉट रॉडला कँडी रंग द्यायचा हे मी खोका उघडतानाच ठरवले होते. कँडी ॲपल लाल रंगाचे श्रेय कॅलिफोर्नियातले गाड्या सजवणारे कारागीर जो बेलन यांना दिले जाते. खाली धातूचा चमकता थर आणि वर पारदर्शक रंगाचे अनेक हात, ही त्याची रचना. प्रकाश रंगातून खाली जातो, धातूवरून परततो आणि पुन्हा रंगातून बाहेर येतो, म्हणून रंग आतून पेटल्यासारखा दिसतो. खाली चंदेरी थर असेल तर लाल थंड आणि गुलाबीकडे झुकणारा होतो, सोनेरी असेल तर उबदार. मी सोनेरी निवडला. आधी अस्तर म्हणून राखाडी प्रायमरचे दोन हात दिले, आणि ज्या खळग्यांची मला खात्री होती की ते गेले आहेत, त्यांतला एक प्रायमरखाली पुन्हा दिसला. प्रायमरचा खरा उपयोग हाच आहे, आणि शिवाय तो वरच्या जहाल लॅकरपासून प्लॅस्टिकचे रक्षण करतो.

कँडीची अडचण अशी की रंगाची छटा ही हातांच्या संख्येवर ठरते. तीन हातांना ती केशरी-लाल असते, पाच हातांना माणकासारखी, सात हातांना काळपट. म्हणून मी सात प्लॅस्टिकच्या चमच्यांच्या पाठीवर सोनेरी थर देऊन एकेकावर वाढत्या संख्येने हात दिले आणि पाचवा चमचा पसंत केला. याच कारणाने बॉनेट, मागचे झाकण आणि बॉडी एकाच बैठकीत, जागच्या जागी टेकवून, सारख्या अंतराने रंगवायला हवी. बॉनेट दुसऱ्या दिवशी वेगळे रंगवले तर छटा जुळणे फार कठीण. एअरब्रशचे नोझल ०.३ मिलिमीटरचे, दाब एक बारच्या थोडा वर आणि अंतर बारा सेंटिमीटर ठेवले. रंग दुधाइतका पातळ असावा. फवारा बॉडीच्या बाहेर सुरू करायचा आणि बाहेरच थांबवायचा. हात बॉडीवर थबकला की तेथे रंग दाट होतो आणि कँडीत दाट म्हणजे काळा. पहिल्या प्रयत्नात माझा हात विंडशील्डच्या खालच्या कोपऱ्यात क्षणभर थांबला आणि तेथे करंगळीच्या नखाएवढा गडद चट्टा आला. कँडीवर डागडुजी होत नाही. पुढचा हात दिला तर चट्टाही तितकाच गडद होतो. सारी बॉडी आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये बुडवून जुन्या टूथब्रशने रंग उतरवला आणि प्रायमरपासून पुन्हा सुरुवात केली. दुसऱ्या वेळी प्रत्येक हाताचे फेरे मोजले, टपाला चार, प्रत्येक दाराला तीन, आणि छटा सगळीकडे सारखी आली.

कँडीवर वॉटर पेपर कधीही लावू नये, कारण जेवढा रंग निघेल तेवढी छटा फिकी होईल. घासायचे ते वरच्या क्लिअरवर, म्हणजे बिनरंगी पारदर्शक थरावर. क्लिअरचे पहिले दोन हात अगदी कोरडे, नुसते धूळ बसावी तसे दिले, नाहीतर त्यातला लॅकर खालचा लाल हलवतो. मग दोन ओले हात. यानंतर घाई करू नये. बॉडी नाकाशी नेऊन वास घ्यावा, आणि वास येत असेपर्यंत ती वाळलेली नाही असे समजावे. माझी बॉडी तीन आठवडे झाकून ठेवली होती. नंतर ४००० पासून १२००० पर्यंतच्या पॉलिशिंग कापडांनी पाणी लावून घासली. दारांच्या कडा आणि टपाच्या धारेवर क्लिअर सर्वांत पातळ असतो, म्हणून तेथे चिकटपट्टी लावून ठेवली आणि ती शेवटच्या दोन कापडांनाच काढली. फवारणी करताना मास्क आणि हवा खेळती असलेली जागा या दोन गोष्टींत तडजोड नको.

आतल्या भागाचे काम लवकर आटोपले. सीटवरच्या उभ्या शिवणी उठावदार आहेत, त्यांना मोतिया रंग देऊन फटींत राखाडी पाणी सोडले की पुरे. डॅशबोर्डवरचे आकडे वाचता येत नाहीत, पण वरून जवळजवळ कोरड्या ब्रशने पांढरा रंग फिरवला की तबकड्या उठून दिसतात. काचा जाड आहेत आणि कडेला थोड्या वाकड्या दिसतात. त्या पांढऱ्या डिंकाने बसवाव्यात, कारण सिमेंटच्या वाफेने काच धुरकट होते.

डीकॅलचा, म्हणजे मॉडेलवर चिकटवायच्या छापील नक्षीचा, कागद ही या नव्या आवृत्तीची सर्वांत मोठी सुधारणा आहे. छपाई काटेकोर आहे, पांढरा रंग खालचा लाल दिसू न देण्याइतका दाट आहे आणि ज्वाळांच्या सोबत बारीक पट्ट्यांचे दोन संच मिळतात. एवढा कँडी ज्वाळांखाली झाकायचा नव्हता, म्हणून मी मागच्या झाकणावर एक पांढरी पट्टी तेवढी लावली; डीकॅल नरम करणाऱ्या मायक्रो सोल या द्रावाच्या एका थेंबाने ती वळणावर अशी बसली की कड शोधावी लागते. टायर नरम व्हिनाइलचे असून त्यांच्या मधोमध साच्याचा जोड आहे. ते खरखरीत पेपरवर फिरवले की जोडही जातो आणि रस्त्यावर चालल्यासारखा मंदपणाही येतो. मात्र व्हिनाइलमधले नरम ठेवणारे द्रव्य वर्षानुवर्षे पॉलिस्टायरीनमध्ये उतरून ते वितळवते, हे जुनी किट सांभाळणाऱ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे रिमच्या ज्या कडेला टायर टेकतो तेथे रंगाचा पक्का थर द्यावा आणि उरलेले टायर खोक्यात इतर भागांबरोबर मोकळे ठेवू नयेत.

ज्यांना भाग तोडून सरळ चिकटवायचे आहेत त्यांनी हे किट घेऊ नये. १९९० च्या दशकात रेव्हेलने नव्या साच्यांतून १९३२ च्या फोर्डची मालिका काढली. तिच्यात सांधे अचूक बसतात आणि चासीही स्वच्छ आहे, तेव्हा पहिली हॉट रॉड करणाऱ्याने तेथूनच सुरुवात करावी. चार-पाच गाड्या जोडून झालेल्या, लांबी आणि वॉटर पेपर यांचा सराव असलेल्या माणसाला मात्र हे इंजिन आणि ही बॉडी दुसरीकडे मिळणार नाही. माझे मॉडेल बॉनेटच्या बाजूच्या जाळ्या न लावता ठेवले आहे, म्हणजे तारा आणि तिन्ही कार्ब्युरेटर दिसतात. चार मडगार्ड, मूळ रेडिएटर कवच आणि न कापलेला टप खोक्यात शिल्लक आहेत, आणि ते मी वेगळ्या पिशवीत, टायरांपासून दूर, नाव लिहून ठेवले आहेत.